गौर आणताना आलेला फोन

माझ्या दोघा लाडक्यांनो,

त्या रविवारी तुम्ही फोन केलात आणि मी तुमच्याकडे नुसती बघत राहिले, एक शब्द बोलले नाही. धाकट्याला वाटलं आजी रागावली. थोरलीला वाटलं आजीला काहीतरी झालं. तुमच्या आईने संध्याकाळी काळजीने विचारलं तेव्हा मला हे कळलं. फोनवर हे नीट सांगता येत नाही, कारण मी सांगायला लागले की चित्र अडकतं किंवा तुमची पोहण्याची वेळ होते. म्हणून लिहून पाठवते आहे. तुमचे बाबा वाचून दाखवतील. त्यांनी मधलं काही गाळू नये.

थोरलीचा प्रश्न मला शब्दन् शब्द आठवतो. "आजी, मराठीत स्टोनला काय म्हणतात? शाळेत लावायचंय. क्विक सांग." वर्गातल्या भिंतीवर प्रत्येकाच्या घरच्या भाषेतला एकेक शब्द लावायचा होता आणि तिच्या वाट्याला हा आला होता. तिने आपणहून मला मराठी विचारलं, असं त्याआधी कधी झालं नव्हतं. आणि तेव्हा माझ्या हातातल्या तबकात पाच दगड होते.

आता ते दगड कसले, ते सांगते.

रायपूरला आपल्या ओळखीच्या बहुतेक मराठी घरांत भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. त्यांना मुखवटे असतात, भरजरी साड्या असतात, दागिने असतात. आपले पूर्वज मात्र कोकणातले. मराठ्यांच्या राज्यात नोकरीसाठी इकडे आले आणि येताना आपली रीत घेऊन आले. आपल्याकडे गौर म्हणजे पाण्याकाठचे पाच खडे. घरातल्या मुलीने किंवा सवाष्णीने ते निवडायचे, तबकात ठेवायचे आणि घरी येईपर्यंत बोलायचं नाही, मागे बघायचं नाही. चुकून बोलणं होऊ नये म्हणून तोंडात पाण्याचा घोट धरायचा. समोरच्या फ्लॅटमधल्या काकू अकोल्याकडच्या. त्या दर वर्षी मला चिडवतात, "तुमची गौर बरी हाय बाप्पा, ना साडी मागत ना दागिना."

मी लहान असताना आम्ही पुरानी बस्तीत राहत होतो. तिथून तलाव जवळ होता. माझी बहीण आणि मी आईबरोबर जायचो. खडा निवडायची आईची एक पद्धत होती. तो मुठीत धरायचा, मूठ घट्ट मिटायची आणि थोडं थांबायचं. कुठे टोचलं तर परत पाण्यात. पाण्याने वर्षानुवर्षं घासलेला गोटा टोचत नाही. परतताना बहीण माझ्यासमोर उलटं चालत तोंडं वेडीवाकडी करायची. एका वर्षी मी हसले आणि तोंडातलं पाणी तिच्या नव्या परकरावर उडालं. आई रागावली नाही. तिने तबक माझ्या हातातून घेतलं, खडे पाण्यात सोडले आणि म्हणाली, "आता पुन्हा निवडा." दुसऱ्या खेपेला बहीण माझ्यामागून चालली. तिला बघायला मागे वळायची फार इच्छा होत होती. आता ती नाही. गौर आणताना मागून कोणी चालत असेल तर मला अजून तसंच वाटतं.

आता आम्ही तेलीबांध्याला राहतो. इथल्या तलावाला फरशा आहेत, कठडा आहे, फिरायला येणाऱ्यांची गर्दी आहे. खडे शोधावे लागतात. ढीग दिसतात ते गिट्टीचे. गिट्टी मशीनमध्ये फोडलेली असते, ती मुठीत धरवत नाही. रखवालदार म्हणाला, "माताजी, पत्थर ही तो चाहिए, यहाँ से ले लो." त्याचा हेतू चांगला होता. मी हसून पायऱ्या उतरले. शेवटचा खडा मिळेपर्यंत ऊन चढलं. मग काकू घंटी वाजवत पुढे आणि मी तबक घेऊन त्यांच्या मागे, अशा आम्ही निघालो.

कठड्याशी आलो आणि माझ्या पिशवीत फोन वाजला. रविवारी त्या वेळी तुमचाच असतो. आठवडाभर मी त्याची वाट बघते, हे तुमच्या आजोबांना विचारा. माझे दोन्ही हात तबकाला.

"तुम्ही नका हात सोडू, मी धरते फोन," असं म्हणत काकूंनी तो काढला आणि माझ्या तोंडासमोर धरला.

तुम्ही दोघं दिसलात. थोरलीचे केस ओले होते. धाकट्याचा पुढचा दात पडलेला होता, ते मला कोणी सांगितलंच नव्हतं. मग तो प्रश्न आला. मी मान हलवली, डोळे मोठे केले, तबक थोडं वर उचललं. खडे दिसतील असं वाटलं, पण चित्रात ते येत नसावेत.

"आजी, तू म्यूटवर आहेस," धाकटा म्हणाला.

"नाही, बेलचा आवाज येतोय," थोरली म्हणाली. "आजी? स्टोन, आजी. स्टोन."

आता इथे एक गंमत झाली. आपल्या रायपुरात स्टोन म्हणजे एकच, मुतखडा. आजोबांना तो झाला होता तेव्हा समता कॉलोनीतल्या डॉक्टरांनी "स्टोन है" म्हटलं आणि आठवडाभर अख्खा पारा, म्हणजे सगळी आळी, विचारपूस करून गेला. काकूंनी फोन स्वतःकडे वळवला. "अवं माय, एवढ्याशा पोट्टीले स्टोन? पाणी पीत जा बाई, खूप पाणी पी. तुह्या आजीच्या तोंडात बी पाणीच हाय, म्हणून बोलून नाही राहिली."

थोरलीचा चेहरा उतरला. "आजीच्या तोंडात पाणी का आहे? इज शी ओके?"

आणि फोन बंद पडला.

मी पाणी थुंकून एक शब्द सांगू शकले असते. ते माझ्या मनात आलं. पण मग खडे तलावात सोडून पुन्हा पायऱ्या उतरायच्या होत्या, आणि गुडघे आता दोनदा उतरू देत नाहीत. खरं सांगायचं तर कारण एवढंच नव्हतं. गौर ही माहेरी आलेली मुलगी असते. वर्षातून एकदा येते, तीन दिवस राहते. एक मुलगी लांबून हाक मारते म्हणून दारापर्यंत आलेली दुसरी मला परत पाठववेना. तुझ्याकडे बघत मी तो घोट धरून उभी राहिले, आणि इतकं जड काही मी बरेच दिवसांत धरलं नव्हतं.

घरी काकूंनी माझ्या पायांवर दूध-पाणी घातलं. आजोबांनी दारातून विचारलं, "गौर कशाच्या पावलांनी आली?" मी पाणी तुळशीत टाकलं आणि म्हणाले, "सोन्यामोत्यांच्या पावलांनी." लगेच तुम्हाला फोन लावला. कोणी उचलला नाही.

पुढच्या रविवारी विचारलं तर थोरली म्हणाली, "बाबांनी सांगितलं, दगड. मी लावला." बरोबर आहे, बाबा चुकले नाहीत. पण मला विचारलं होतंस, तर माझं उत्तरही घे.

तुमच्याकडे विलायतेत प्लममध्ये स्टोन असतो, अंगठीत असतो, नर्सने तुझं वजन केलं तर तेही स्टोन नावाच्याच मापात. मी इंग्रजी शाळेत शिकले, मला त्या एका शब्दाचं कौतुक होतं, अजून आहे. आपल्याकडे मात्र हात कुठे लागला त्यावर शब्द ठरतो. भातात दाताखाली येतो तो खडा. आंब्यातली ती कोय. पाण्याने गुळगुळीत केला तो गोटा. पायात येऊन ठेच लागली की तो धोंडा, आणि बाबांनी लहानपणी गणित चुकवलं की आजोबा त्यांना जे म्हणायचे तो दगड. गौर आली की त्याच पाच खड्यांना कोणी दगड म्हणत नाही. आम्ही त्यांना हळदकुंकू वाहतो, भाजी-भाकरीचा नैवेद्य दाखवतो, आणि तिसऱ्या दिवशी पाण्यात सोडताना माझे डोळे भरून येतात. या वर्षी जरा जास्त आले.

भिंतीवरचा तुझा कागद आता उतरवला असेल. हे शब्द उतरवलेले नाहीत. या घरात ते अजून रोज लागतात. ते बोलणारी आजोबा आणि मी, आम्ही दोघंच आहोत.

तुमची आजी