झुलाल फिटरची रजा

झुलाल फिटरचं काम चोख होतं, आणि तेच त्या बापड्याला नडलं.

लढाईच्या दिवसांत धुळ्याबाहेरच्या एका बंद जिनिंग फॅक्टरीत लष्करी विमानांची इंजिनं दुरुस्त करायचा कारखाना निघाला. जिनिंगची यंत्रं सांभाळणारा झुलाल तिथं भरती झाला आणि मागे फाटक लागलं. आवारातच राहायचं, आवारातच जेवायचं, लढाई संपेपर्यंत रजा नाही. अभिमन नावाचा एक गडी पळाला, तर पोलिसांनी त्याला घरातून उचलून तुरुंगात घातलं. इंजिनांची मात्र चैन! ठरलेले तास उडाली की इथं यायची. खोलून, धुऊन, झिजलेले भाग बदलून घ्यायची. मागच्या खेपेला जे तुटलं ते या खेपेला अधिक मजबूत करून घ्यायची, आणि नव्या नवरीसारखी नटून बाहेर पडायची. झुलाल त्यांच्यावर जळायचा.

त्याची बायको भिकुबाई आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सणाला साक्रीकडे माहेरी गेली होती. तिला आणायला नवऱ्यानं स्वतः जावं, ही रीत. हा जाणार कसा? दुसरी आखाजीही तशीच गेली. यंदा सासऱ्याचा निरोप आला: या आखाजीला आला नाहीत तर काडीमोड करून पोरीला दुसरं घर बघू. झुलालचा भिकुबाईवर फार जीव.

गफलत करणाऱ्याला तिथं त्याच दिवशी हाकलून द्यायचे. म्हणून झुलालनं एका इंजिनातल्या मोठ्या नटाची पिन मुद्दाम बसवली नाही. पिन नसली की नट उडताना सैल होणार आणि इंजिन बंद पडणार. पण त्याआधीच तपासनीस तोताराम नाना ते पकडतील, चार शिव्या घालतील आणि आपण सुटू, असा त्याचा हिशेब.

नाना आले. "झुलालनी बांधेल शे ना? मंग त्यामां काय देखनं?" म्हणाले आणि शिक्का मारून मोकळे झाले.

गप्प बसावं तर कुणाचं तरी पोर आभाळातून खाली येणार. बोलावं तर मुद्दाम केलंस म्हणून तुरुंगात घालतील. इंजिनाच्या पेटीला खिळे ठोकू लागले तसा तो ओरडलाच, "नाना, थांबा! पिन ऱ्हाई गई!"

इंजिन पुन्हा खोललं. कारखान्याचा साहेब आला. आता तरी हाकलतील, म्हणून झुलाल मान खाली घालून उभा राहिला. साहेबानं त्याची पाठ थोपटली. स्वतःची चूक स्वतः सांगणारा असा माणूस दुसरा नाही म्हणे! यापुढे नानांच्या जागी झुलाल. त्याच्या शिक्क्याशिवाय एकही इंजिन बाहेर जायचं नाही. झुलालनं हात जोडून आखाजीपुरती रजा मागितली. साहेब हसला. "तुला सोडून कसं चालेल?"

आखाजी झाली. मग मेहुणा झिपरू पंचांना घेऊन फाटकावर आला. पहारेकरी त्यांना आत घेईना, झुलालला बाहेर सोडीना. झिपरूनं गजांतून गवताची काडी पुढे केली.

"पाव्हणा, तिनी तुमनी भलती वाट देखी. आते मोडी टाका."

रस्त्यापलीकडे बैलगाडी उभी होती. भिकुबाई त्यात पाठमोरी बसली होती. झुलालनं हाक मारली. तिनं पदर तोंडाशी धरला, पण वळली नाही. तेलकट बोटांतून काडी निसटत होती. शेवटी त्यानं ती मोडली.

आतून कुणीतरी ओरडलं, "झुलालभाऊ, इंजिन तयार शे!"

तो शिक्का मारायला गेला.