धोवणाच्या प्लेटवरचे पिवळे ठिपके

मंगळवारी सकाळी साडेनऊ वाजता खडवली स्टेशनापासून दोन किलोमीटरवर, एका शेताच्या बांधावर, डोंबिवलीतल्या एका प्राध्यापकांनी गुळवेल तीनदा तोडली. पहिल्या दोन वेळा फोटो हलला होता.

त्यांनी चार वार्ताहर बोलावले होते. माजिवड्याहून बसने कल्याण आणि पुढे रिक्षाने मी एकटाच पोहोचलो. प्राध्यापकांचे हातमोजे खिशात होते. फोटोत हात दिसायला हवेत, असे कारण त्यांनी दिले.

दावा असा : गुळवेलीच्या खोडात राहणाऱ्या एका पिवळ्या जिवाणूपासून नवे प्रतिजैविक मिळणार. वनस्पतीला न दुखवता असे जिवाणू आत राहतात, त्यातले काही इतर जंतूंना मारणारी द्रव्ये सोडतात. इथपर्यंत खरे आहे. हा पिवळा आतलाच कशावरून, हे कुणी तपासले नव्हते. प्राध्यापकांचा सत्कार मात्र रविवारी ठरला होता.

तपासायचे होते ते त्यांची विद्यार्थिनी प्राची हिला. टिटवाळ्याची, पीएच.डी.चे चौथे वर्ष, प्रबंध याच जिवाणूवर.

"खोड बाहेरून ब्लीचने, अल्कोहोलने धुवायचं. मग खोडाचा तुकडा जंतू वाढवायच्या एका प्लेटवर ठेवायचा आणि शेवटचं धोवण, म्हणजे धुतलेलं पाणी, दुसऱ्या प्लेटवर टाकायचं," ती म्हणाली. "त्यावर काही उगवलं नाही, तरच खोडातला जिवाणू आतला."

बांधाची मालकीण, साठीची बाई, ऐकत होती. "अगो बाय, आमी ताप आला का वेल उकलून पितो. तुमी धोवान राखून ठेवता?"

"आजी, त्या धोवणावरच माझी डिग्री अडकलीय."

"मंग नीट धू. सायबाचे हात पन."

साहेब हसले नाहीत. परतताना आम्ही टिटवाळ्याला मिसळ खाल्ली. मटकी कच्ची होती. प्राध्यापकांनी दोनदा रस्सा मागवला आणि या मातीत काय ताकद आहे, ते सांगितले.

दुपारी डोंबिवलीच्या प्रयोगशाळेत ते म्हणाले, "धोवणाची प्लेट कशाला? इन्क्युबेटरमध्ये जागा नाहीये."

खालच्या कप्प्यात त्यांचा दह्याचा डबा होता. प्राचीने तो बाहेर काढला आणि प्लेट आत ठेवली.

"अगं, दही लागलं नाहीये अजून!" प्राध्यापक ओरडले.

गुरुवारी मी पुन्हा डोंबिवलीला गेलो. खोडाच्या प्लेटवर पिवळे ठिपके होते. धोवणाच्या प्लेटवरही तेच होते. जिवाणू आतला असल्याचा पुरावा उरला नाही.

"ही नोंदवू नकोस," प्राध्यापक म्हणाले. "प्रबंध यंदाच द्यायचाय ना तुला?"

"द्यायचाय, सर."

तिने नोंदवहीत लिहिले : धोवणाची प्लेट, वाढ आहे. खाली सही केली. मार्गदर्शकाच्या सहीची जागा कोरी राहिली.

संध्याकाळी माजिवड्याला उतरलो, तेव्हा प्राध्यापकांचे प्रसिद्धीपत्रक फोनवर आले होते. त्यात दुसऱ्या प्लेटचा उल्लेख नव्हता.

शुक्रवारी प्राचीने त्या पानाची प्रत विभागप्रमुखांना देऊन पोच घेतली. रविवारी सत्कार झाला. प्राचीचा प्रबंध अद्याप सादर झालेला नाही.