सात फुटी सेंटरला नावं ठेवताना

स्क्रीनवर त्याचा चेहरा आला, तो लग्नाच्या फोटोत मागे उभ्या केलेल्या उंच पाहुण्यासारखा ओशाळलेला होता. उंची सात फूट, हात लांब, उडी उत्तम. आमची बास्केटबॉल लीग कॉम्प्युटरवरची आहे. तिच्यातले खेळाडू खोटे, पण आम्ही आठ संघमालक खरे आणि भांडणंही खरी. गेल्या हंगामात चहा पिताना मी एका सेंटरचं, म्हणजे बास्केटखाली खेळणाऱ्या उंच गड्याचं, कौतुक केलं, तर खेळाडू निवडायच्या दिवशी आमच्यातल्या जोशीने माझ्याआधी तोच उचलला. तो राग अजून उतरलेला नाही.

यंदा मला स्क्रीनवरचा हा गडी हवा होता. टाइल्सचा धंदा मी शून्यातून उभा केला तो एकाच नियमावर, की हव्या मालाला आधी नावं ठेवायची. ग्रुपवर लिहिलं, "गुडघे कच्चे वाटतात. चेहऱ्यावर तेज नाही."

"शेठ, बरं झालं सांगितलंत," म्हणत जोशीने दुसराच उचलला. गडी माझा झाला.

मग वाटलं, आयुष्यात जे जे हवं होतं, त्याला मी असंच बोललो. दुकानाच्या जागेला अंधारी म्हणालो. मुलगी बघायला गेलो, तेव्हा मनातून हरखलो होतो आणि तोंडाने पोहे खारट म्हणालो.

स्क्रीनवरचा चेहरा अजून ओशाळलेलाच होता. मी हळूच म्हणालो, "मनावर घेऊ नकोस रे. तू आवडलास म्हणूनच बोललो."

मागून बायकोचा आवाज आला, "त्याला लगेच सांगितलंत. मी पंचवीस वर्षं थांबलेय."