पिशवी दाखव

"पिशवी दाखव गं."

नाशकात आई चार घरची धुणीभांडी करायची. त्यातल्या एका घरी निघताना रोज हे ऐकावं लागे. शाळा सुटली की मी तिथे दारात उभी. आई पिशवी उलटी धरायची. आत शिळी पोळी, तिचा रुमाल. वर हसायची. पुढे पुढे तर कुणी म्हणायच्या आधीच उघडायची.

त्या पिशवीवर मी शिकले. घरातली पहिली ग्रॅज्युएट. मग अमेरिकेत एम.एस. पदवीदान बघायला आईला शिकागोजवळ शॉमबर्गला माझ्याकडे बोलावलं.

दुकानात तिला म्हटलं, "हाताला क्रीम घे तुझ्या. मी दूध घेऊन आलेच." भांड्यांच्या पावडरीने तिच्या हातांना कायमच्या भेगा. तिने ट्यूब घेतली, पिशवीत टाकली. आठवडी बाजारात तसंच. भाजी आधी पिशवीत, मग पैसे. मला शोधत ती दारापर्यंत गेली.

गार्डने तिला मागच्या खोलीत नेलं. मी धावत पोचले तेव्हा आई पिशवी उलटी धरून उभी. तशीच हसत.

मी पैसे पुढे केले. गार्डने घेतले नाहीत. ट्यूब काढून घेतली आणि इंग्रजी कागद सरकवला. चोरी कबूल आहे, असा. मी घाबरले. माझा व्हिसा. मीच म्हटलं, "आई, सही कर. सुटू."

सही करायला तिला मीच शिकवलं होतं.

पुढच्या आठवड्यात पदवीदान. हॉलच्या दारात कुणी काही विचारलं नाही. तरी आईने पिशवी उघडून दाखवली.

मग पत्र आलं. आईच्या नावाने आयुष्यात आलेलं पहिलं.

"कुणाचं गं?" ती हरखली.

दुकानाच्या वकिलाचं. दोनशे डॉलर भरा, नाहीतर दावा लावू.

ओळखीच्या एका काकांकडे गेलो. ते म्हणाले, "भर आणि मोकळी हो. नोकरीचा एच-वन व्हिसा व्हायचाय तुझा. आणि मराठी मंडळात बोलू नकोस." काकू आईसमोरच म्हणाल्या, "सवय असते गं एकेकाला."

आईने चहा तसाच ठेवला. घरी आल्यावर म्हणाली, "भर बाई. आपल्याला दाखवावंच लागतं."

रात्रभर तेच वाक्य. पैसे भरले तर ते वाक्य खरं होणार होतं.

युनिव्हर्सिटीत विद्यार्थ्यांना फुकट सल्ला देणारी वकील होती. तिने कागद वाचले. हा कोर्टाचा दंड नाही, म्हणाली. दुकानाची मागणी आहे. पोलिसांत केस नाही. नाही म्हणता येतं. दावा लावायचा की नाही, ते ठरवतील.

मी दुकानाच्या वकिलाला लिहिलं. माझ्या आईने चोरी केलेली नाही. तिला इंग्रजी येत नाही. पैसे देणार नाही. दावा लावा, मी उभी राहीन.

आणखी दोन पत्रं आली. मग थांबली. दावा लागला नाही.

आई परत गेली, ती पुन्हा आली नाही. "नको गं, तुला ताप माझा." दोन वर्षांनी वारली. भेगा होत्या तशाच.

पैसे मी दिले नाहीत. पण ती सही मी करायला लावली होती, ती माझ्या नावावर आहे. त्यानंतर एकाही कागदावर न वाचता सही केली नाही, आपल्या माणसाला करू दिली नाही. माझ्यासमोर कुणी पिशवी दाखव म्हणालं तर पिशवी बंद राहते. आधी कारण सांगावं लागतं.