जुबैलच्या वाळूतली बटणं

शेजारचं केरळी कुटुंब कायमचं मायदेशी परतलं, तेव्हा जाताना त्यांनी मला एक कढीपत्त्याची कुंडी आणि वाळूतला धातू शोधायचं यंत्र दिलं. कढीपत्ता उन्हाळ्यात जळून गेला. यंत्राची मात्र मला चटक लागली.

हिवाळ्यात इथे सौदीत, जुबैलला, सकाळी हवा छान असते. नवरा प्लँटच्या बसमध्ये, मुलगी शाळेच्या बसमध्ये बसली की मी गाडी काढून समुद्रावर जायची. लांब दांड्याच्या टोकाला थाळीएवढं कडं असतं, ते वाळूवरून फिरवत चालायचं. खाली काही असलं की हेडफोनमध्ये कुंई असा आवाज येतो. मग बसून खुरप्याने उकरायचं. निघायची बाटल्यांची बुचं, गंजके खिळे, एखादं हलालाचं, म्हणजे इथल्या चिल्लरीतलं, नाणं. मुलगी पिशवीत डोकावून म्हणायची, "मम्मा, ये सब कचरा है."

त्या हिवाळ्यात बाबा आमच्याकडे राहायला आले. आई गेल्यापासून ते साताऱ्याला एकटेच असतात. जुबैल त्यांना नवं नव्हतं. मी लहान असताना ते इथेच वेल्डर होते आणि दोन वर्षांनी एकदा घरी यायचे. माझ्यासाठी बाबा म्हणजे दोरीने बांधलेली सूटकेस आणि तिच्यातून येणारा साबणाचा वास. त्यांची पुरती सवय होईपर्यंत ते निघालेले असायचे. तिकडे कसं असतं विचारलं तर म्हणायचे, "वाळू. आणि काय?" पुढे माझ्या नवऱ्याला इथेच नोकरी लागली हा निव्वळ योगायोग. पण आता गाडीतून मोठाले रस्ते आणि मॉल बघून बाबा म्हणत, हे ते नव्हेच. मग घरात टीव्हीसमोर बसून राहत.

एके सकाळी मी त्यांना आग्रहाने सोबत नेलं. समुद्राकाठची बाग संपते तिथून पुढे किनारा मोकळा आहे. तिथे त्यांना घडीच्या खुर्चीत बसवलं आणि मी यंत्र फिरवू लागले. एका जागी आवाज थांबेचना. उकरलं तर बटणं. पँटची पितळी, कामावरच्या डांगरीची दाबाची, खाऱ्या पाण्याने हिरवी पडलेली. एक बक्कल, झिपेचा तुकडा, आणि शिंपी बोटात घालतात ते अंगुस्तान. एकाच जागी इतकं कधी सापडलं नव्हतं. मी ती मूठभर बटणं बाबांच्या तळहातावर ठेवली.

ते एकेक बटण अंगठ्याने घासत राहिले. मग उठून पाण्यापाशी गेले. ओहोटी होती, काळ्या खडकांची रांग उघडी पडली होती. बराच वेळ तिकडे बघून ते परत आले.

"त्या खडकांवर बसून आम्ही मासे धरायचो," ते म्हणाले. "इथं आमचा कॅम्प होता. तू बसलीयेस ना, इथंच कुठंतरी भाईंची खोली. म्हणजे माझीही."

भाई श्रीवर्धनकडचे, पाइप फिटर. वडील शिंपी, त्यामुळे हातात सुई होती. कॅम्पच्या धोबीखान्यात बटणं तुटायचीच. शुक्रवारी नमाजाहून आले की भाई दाराशी डबा घेऊन बसत आणि रांगेने सगळ्यांची बटणं लावून देत. कुणी सुट्टीवर निघाला की त्याचा शर्ट आधी हातात घेऊन तपासत. बाबांनी एकदा विचारलं होतं, एवढं कशाला? भाई म्हणाले होते, "घरच्यांना वाटायला नको, की तिथं आपल्या माणसाला कुणी नाही."

मला एकदम एक शर्ट आठवला. निळा, वरचं बटण तेवढं पांढरं. बाबा तो घालून आले होते आणि आईने हसत ते बटण काढून निळं लावलं होतं. मी तसं सांगितलं.

"डब्यात निळं नव्हतं," बाबा म्हणाले. "त्यांनी स्वतःच्या शर्टाचं काढून लावलं."

कॅम्प मोडला आणि जो तो पांगला. त्यानंतर दोघांची गाठ नाही. आमच्या इथे मसाल्याचं दुकान चालवणारे चाचा श्रीवर्धनचेच आहेत. मी त्यांना विचारलं, त्यांनी गावाकडे विचारलं, आणि त्या आठवड्यातच नंबर आला.

व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सुनेने फोन धरला होता. भाईंना आता कमी ऐकू येतं, माणसंही चटकन ओळखू येत नाहीत, असं तिने आधीच सांगून ठेवलं. बाबा फोनच्या अगदी जवळ सरकले. भाई टक लावून बघत होते.

मग ते म्हणाले, "वरचं बटण लाव."

बाबांनी खरोखर कॉलरचं बटण लावलं. त्यानंतर दोघं किती वेळ बोलत होते कोण जाणे; मी चहा ठेवायला म्हणून आत गेले ती बाहेर आलेच नाही.

बाबांचं परतीचं तिकीट मुंबईचं होतं. माझ्या भावाने विमानतळावर गाडी आणली, तर बाबा म्हणाले, साताऱ्याला मागाहून जाऊ, आधी श्रीवर्धन. भावाने तिथून फोटो पाठवला. पडवीत दोन म्हातारे शेजारी शेजारी बसलेत आणि दोघांचंही लक्ष कॅमेऱ्याकडे नाही.

संध्याकाळी मी फोन केला. काय काय बोललात, विचारलं.

"फार काही नाही," बाबा म्हणाले. "जेवलो आणि दोघंही मस्त झोपलो."