लेन्सवरचं कुंकू

खंडेनवमीला यंत्राला हळदकुंकू वाहायला माझी कधीच ना नव्हती. पण त्या कुंकवाआड लपणाऱ्या माणसाचा राग मला आजही येतो, आणि तो जावा असं वाटतही नाही.

साताऱ्याच्या एमआयडीसीतला आमचा कारखाना हेलिकॉप्टरच्या दारांची पॅनेलं बनवायचा. तपासणी माझ्याकडे होती. पॅनेलवर लेझरचा प्रकाश टाकून कॅमेऱ्यानं एक चित्र घ्यायचं, मग ते किंचित तापवून दुसरं. आतला थर कुठं सुटला असेल, तर तेवढाच भाग केसभर फुगतो आणि पडद्यावर दोन जुळी वलयं उमटतात. पॅनेलला ओरखडासुद्धा पडत नाही.

दसऱ्यानंतरच्या पहिल्याच पॅनेलवर ती वलयं दिसली. माल न्यायला गाडी दारात उभी होती. मॅनेजरसाहेबांनी पडद्याकडे धड बघितलंही नाही. "लेन्सवर कुंकू लागलंय. पुसा आणि पास करा."

पूजा केली होती आमच्या खात्यातल्या मामांनी. कवठे महांकाळचे, फौजेतून निवृत्त झालेले. साहेब त्यांना सगळ्यांदेखत अडाणी म्हणाले. चोर सोडून संन्याशाला फाशी!

"आवं सायेब, कुंकू म्या कॅमेऱ्याच्या डब्याला लावलं, काचंला न्हाई," मामा म्हणाले.

तरी मी लेन्स पुसली. वलयं होती तिथंच.

"नीट पुसलं नसेल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी आणि मामांनी पॅनेल उचललं आणि वरची बाजू खाली करून पुन्हा लावलं. डाग लेन्सवर असता, तर पडद्यावर जागचा हलला नसता. ही वलयं पॅनेलबरोबर खाली आली.

"आता बोला," मी म्हणाले.

"एवढ्याशानं काय होतंय, मॅडम? शिक्का मारा."

मामांचा आवाज चढला. "सायेब, ह्यात माणसं बसत्यात. म्या बसलोय. बर्फातनं दोन जखमी पोरं खाली आणली तवा दाराला पाठ लावूनच बसलो हुतो."

साहेब घड्याळ बघत होते. मी शिक्का आणि अहवाल त्यांच्यापुढं सरकवला. "तुमची एवढी खात्री आहे ना? मग सही तुम्हीच करा."

त्यांनी हात मागं घेतला. "मी कशाला? उद्या काही झालं म्हणजे?"

मी लाल रंगानं पॅनेलवर फुली मारली. मग अहवालावर 'नापास' लिहून खाली माझी सही केली.