लतिका काकू आणि पूर्वेकडची दारं

आमच्या गल्लीतल्या प्रत्येक मराठी कुटुंबाला लतिका काकूंनी घर विकलं, आणि आज त्याच गल्लीत त्यांचं नाव काढलं की लोक विषय बदलतात. मला याचा संताप येतो. म्हणून लिहिते आहे. कुणाला झोंबलं तर झोंबू दे.

काकू मूळच्या नागपूरच्या. त्यांचे यजमान, यशोधन काका, डॅलसजवळ एका टेलिकॉम कंपनीत इंजिनियर होते. २००१ साली त्या सगळ्या कंपन्या धडाधड बसल्या आणि काकांची नोकरी गेली. काका सोफ्यावर बसून टीव्ही बघायला लागले, ते बघतच राहिले. काकूंनी मात्र घरं विकण्याचं लायसन्स काढलं आणि ब्रॅकनशॉ होम्समध्ये सेल्सला लागल्या.

ब्रॅकनशॉ ही विलायतेतली बडी घरबांधणी कंपनी. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी तिच्या इतिहासाची फिल्म दाखवत. उत्तर इंग्लंडमधल्या एका गवंड्यानं म्हणे दोन घरं बांधली, ती विकून चार बांधली. महायुद्धानंतर लोकांना घरं कमी पडली, तेव्हा त्याच्या मुलांनी वसाहतीच्या वसाहती उभ्या केल्या. मग लंडनच्या शेअर बाजारात नाव लागलं आणि सत्तरच्या दशकात स्वारी फ्लोरिडात आणि टेक्ससमध्ये उतरली. काकू हे सगळं हातवारे करून गिऱ्हाइकाला ऐकवायच्या. "गवंड्याची कंपनी आहे बरं ही, दलालांची नाही," असं अभिमानानं म्हणायच्या. आता टेक्ससमध्ये गवंड्याला काम कितीसं? काँक्रीटचा ओटा ओतायचा, त्यावर लाकडाचा सांगाडा ठोकायचा आणि बाहेरून विटांचं सालपट चढवायचं. विलायतेत जमीन घेतली की परवानगीची वाट बघण्यात वर्षं जायची. इथे बघता बघता कापसाच्या शेताची गल्ली व्हायची. पण काकूंचा त्या फिल्मवर विश्वास होता, आणि आमचा काकूंवर.

त्यांचं ऑफिस म्हणजे कोपऱ्यावरचं सजवलेलं नमुना-घर. दिवाणखान्यात मोठ्या टेबलावर अख्ख्या वसाहतीची छोटी प्रतिकृती होती. तिच्याकडे बघायच्या आधी आमचे लोक काय करायचे? बाहेर जाऊन खिशातून होकायंत्र काढायचे. दोन-दोन मास्टर्स केलेली, दिवसभर कोड लिहिणारी माणसं, पण दार पूर्वेलाच हवं. हा काय प्रकार आहे, असं काकूंचा साहेब, इंग्लंडहून आलेला कीथ, एकदा विचारता झाला. काकूंनी भोळेपणानं सगळं समजावून सांगितलं. थोड्याच दिवसांत पूर्वेला तोंड असलेल्या प्लॉटवर जादा आकार बसला!

काकू कीथशी कडाकडा भांडल्या. "सूर्य काय तुमच्या कंपनीनं बांधलाय?" त्यांनी विचारलं. कीथ नुसता हसला. आणि आम्ही? आम्ही मुकाट भरले पैसे. म्हणून तर आम्ही सगळे मराठी गल्लीच्या एकाच बाजूला आहोत, ओळीनं, पूर्वेला दारं करून.

दारासमोर मोकळी जमीन होती. प्रतिकृतीत तिथे हिरवं पार्क होतं, पोहायचा निळा तलाव होता आणि लाल छपराचं क्लबहाउस. त्यात मोठा हॉल, मोठं किचन. "गणपती इथेच बसवू, दर वर्षी शाळेच्या कॅफेटेरियासाठी हातापाया पडायला नको," असं काकू सांगायच्या. त्या हे मनापासून सांगायच्या, कारण त्यांनाही तेच सांगितलं होतं.

२००७ मध्ये अमेरिकेत घरं विकेनाशी झाली. तिकडे विलायतेत ब्रॅकनशॉ दुसऱ्या एका तेवढ्याच मोठ्या कंपनीत विलीन झाली आणि लंडनहून हुकूम आला की अमेरिकेतली रिकामी जमीन विकून टाका. कीथनं मीटिंग घेतली. आमच्या दारासमोरची जमीन सेल्फ-स्टोरेजवाल्याला जाणार होती. म्हणजे पार्क नाही, क्लबहाउस नाही. लोकांचं अडगळीचं सामान ठेवायची पत्र्याची गोदामं. पण गल्लीतली शेवटची काही घरं विकायची बाकी होती. "टेबलावरचं मॉडेल तसंच राहू दे," कीथ म्हणाला. "प्लॅन बदलू शकतो असं करारात आहेच. कुणी विचारलं तर करार दाखवा. नाही विचारलं तर बोलू नका."

काकूंनी हे काकांनासुद्धा सांगितलं नाही. घर त्यांच्या एकटीच्या पगारावर चाललं होतं. काकांच्या बायपासनंतरची सगळी औषधं त्यांच्याच नोकरीच्या इन्शुरन्सवर होती. तोंड उघडलं तर हे सगळं जाणार, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी मी त्या नमुना-घरात होते. बाथरूमच्या गळक्या नळाची तक्रार घेऊन गेले होते. सुशांत आणि आश्लेषा सही करायला आले होते. नवीन जोडपं, तिला सातवा महिना. आणखीही दोन-तीन कुटुंबं घर बघत फिरत होती. आश्लेषा टेबलावर वाकली आणि तिनं विचारलं, "काकू, बाळाला स्ट्रोलरमधून डायरेक्ट पार्कमध्ये नेता येईल ना? रोड क्रॉस केला की झालं?"

काकूंनी लाल छपराचं ते क्लबहाउस मुठीत धरलं आणि ओढलं. गोंदानं चिकटवलेलं होतं, सहज निघेना. त्यांनी दात-ओठ खाऊन हिसका दिला, तसा खालच्या हिरव्या पार्कचा तुकडाही फाटून वर आला.

"हे होणार नाहीये," त्या म्हणाल्या. मराठीत म्हणाल्या, मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात इंग्रजीत. "इथे गोदामं येणार आहेत. सही करू नका."

दोन दिवसांत त्यांची नोकरी गेली.

तुम्हाला वाटेल, गल्लीनं त्यांना डोक्यावर घेतलं असेल. छे! सुशांत-आश्लेषानं घर घेतलं नाही, उरलेली घरं कंपनीनं मातीमोलानं फुंकून टाकली आणि आमच्या घरांच्या किमती कोसळल्या. झालं! दोष कुणाचा? लंडनचा नाही, कीथचा नाही. लतिका काकूंचा! काका-काकूंनी गल्लीतलं आपलं घर सोडलं, लांब एक छोटं अपार्टमेंट घेतलं. निरोपाला कुणी कुत्रं गेलं नाही.

जानेवारीत शेजारच्या देवयानीकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. सगळी गल्ली जमली होती. "काकूंना बोलावलं नाहीस?" मी विचारलं.

"कशाला?" देवयानी म्हणाली. "गप्प बसल्या असत्या तर ती घरं फुल प्राइसला गेली असती यार. आपली व्हॅल्यू टिकली असती. एका कपलसाठी सगळ्यांचं नुकसान केलं त्यांनी."

"म्हणजे त्या गरोदर पोरीला फसवायचं आणि आपण आपली व्हॅल्यू टिकवायची?"

"तू ना, फार इमोशनल होतेस," ती म्हणाली आणि तिनं वाण पुढे केलं. प्लास्टिकचा डबा होता. बाकीच्या बायका तिळगुळाच्या ताटलीत बघत होत्या. कपाळाला कुंकू लावून झालं होतं, ते तसंच घेऊन मी वाण न घेता उठले.

गाडी काढली ती थेट काकूंकडे गेले. काका आत झोपले होते. काकू पोळ्या करत होत्या. हल्ली त्या डबे देतात. मी घडलेलं सगळं सांगितलं. खरं सांगायचं तर, शाबासकी मिळेल असं मला वाटलं होतं.

काकूंनी गॅस बंद केला आणि माझ्याकडे वळल्या. इतक्या चिडलेल्या मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"वाण नाकारून आलीस? मोठा पराक्रम केलास! नोकरी गेली त्या दिवशी कुठे होतीस? दोन महिने कुठे होतीस? त्या दोघांची सही मी निमूट घेतली असती ना, तर आजचं हळदीकुंकू माझ्या घरी असतं. सगळ्यात आधी तू आली असतीस. आणि हसत वाण घेऊन गेली असतीस."

मी नाही कसं म्हणणार? निरोपाला न गेलेल्यांत मीही होते.